हे आधीच झालंय

सर्चकाकांना "मला एक भन्नाट कल्पना सुचलीय" असं चुकूनही सांगू नये. ते कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, "हं, बोला" म्हणतात आणि तुमचं बोलणं निम्म्यावर यायच्या आत त्यांची बोटं कीबोर्डवर चालायला लागतात. काकूंचा चहा येईपर्यंत निकाल लागलेला असतो. "झालंय हे. १९७४. जर्मन." कधी जर्मन, कधी जपानी, एखाद्या वेळी स्वीडिश. साल बदलतं, देश बदलतो. 'झालंय' बदलत नाही. निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं आडनाव मेंटेनन्सच्या पावतीवर तेवढं छापलेलं असतं. एरवी लहानथोरांचे ते सर्चकाका.

काकांची उभी नोकरी आकुर्डीच्या एका ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत झाली. सुरुवात ड्रॉइंग बोर्डावर, शेवट आर अँड डीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर. त्या टेबलाचं काम एकच. कंपनीत कुणी काही नवं काढलं, की ते जगात आधी कुणी काढलंय का ते शोधायचं. डिझाइनची पोरं रात्र रात्र जागून एखादा कॅलिपर उभा करायची, सकाळी पेढे वाटायची आणि अकराच्या सुमाराला काका हातात प्रिंटआउट घेऊन त्यांच्यासमोर उभे राहायचे. पेढा ते आधी खाऊन घ्यायचे. पोरं त्यांना पाठीमागे यमदूत म्हणत. पण २००७ मध्ये आकुर्डीच्याच बजाज ऑटोची आणि टीव्हीएसची एका सिलिंडरात दोन स्पार्क प्लग बसवण्यावरून जुंपली, होंडाचं जुनं पेटंट पुढे करून टीव्हीएसने 'यात नवं काय?' असं विचारलं आणि २००९ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तेव्हा कुठे कंपनीला उमगलं, की कोपऱ्यातला माणूस पगार कशाचा घेतो. त्या वर्षी काकांना चाकांची खुर्ची मिळाली.

निवृत्तीनंतर खुर्ची सुटली, शोध सुटला नाही आणि भाषा तर मुळीच सुटली नाही. पेटंटच्या अर्जाच्या शेवटी क्लेम असतात. एक क्लेम म्हणजे एक वाक्य; ते पानभर लांबलं तरी पूर्णविराम एकच. काका घरातही तसंच बोलतात. "एक डबा, ज्यात पोहे आहेत, आणि सदर डब्याचं झाकण, जे तिरकं बसलेलं आहे, आणि सदर झाकणाची फट, जिच्यातून..."

"मुंग्या लागल्यात असं सरळ सांगा ना," काकू आतून म्हणतात.

"अगं, मुंग्या हा क्लेम नव्हे. तो परिणाम आहे."

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. चाकणच्या रस्त्यावर कंटेनर दिसेना, भोसरीतल्या प्रेसचा ठोका थांबला, तीन शिफ्टमध्ये जगणाऱ्या गावाला एकही शिफ्ट उरली नाही. ज्यांना हात रिकामे ठेवायची सवय नाही अशी माणसं घरात कोंडली की दुसरं काय होणार? शोध लागायला लागले. बी विंगमधल्या फिटरने लिफ्टचं बटण दाबायला पितळी आकडा केला. तळमजल्यावरच्या निवृत्त फोरमननी नातवाच्या फिशटँकमध्ये निळी ट्यूब बसवून भाज्या निर्जंतुक करायचं यंत्र उभं केलं. एकाने कार वॉशचे नोझल गेटवर लावून आल्यागेल्या माणसावर औषध फवारणारा बोगदा योजला. प्रत्येकाला पेटंट हवं होतं आणि काका व्हिडिओ कॉलवर आयतेच सापडत होते. "झालंय." "झालंय." "झालंय, आणि ती ट्यूब चालू असताना आत वाकून बघू नका, डोळे जातील." माणसांवर असं काही फवारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच एप्रिलमध्ये कळवलं, तेव्हा बोगदाही बारगळला. बोगदेवाल्यांनी काकांशी बोलणं टाकलं. जणू मंत्रालयात काकाच बसले होते.

सेक्रेटरींना मात्र काकांचा मोठा आधार वाटे. "काका, एवढं सगळं शोधता, तर या कोरोनावरचं औषध शोधा की!"

"आज कुणी अर्ज केला, तर तो अठरा महिने उघडत नाही. अर्जदाराने फॉर्म नऊ भरून, वेगळी फी भरून लवकर छापा म्हटलं, तर गोष्ट निराळी. आत्ता जगभर जे शोधतायत ते आपल्याला २०२१ च्या अखेरीस वाचायला मिळणार. आत्ता मला दिसतंय ते सगळं कोरोनाच्या आधीच्या माणसांनी लिहिलेलं."

"मग उपयोग काय त्याचा?"

"तोच तर उपयोग. आधीच्या माणसांनी काय लिहिलंय ते कुणी वाचलेलं नसतं."

काकांची शोधायची पद्धतही बघण्याजोगी. साधा माणूस 'मास्क' असा शब्द टाकतो आणि लाखभर निकालांत बुडतो. काका म्हणतात, पेटंटचा वकील फडक्याला कधी फडकं म्हणत नाही. तो 'श्वसनसंरक्षक साधन' म्हणतो, म्हणजे शोधणाऱ्याची दमछाक व्हावी. म्हणून शब्दामागे धावायचं नाही, वर्ग धरायचा. जगातल्या प्रत्येक शोधाला एक वर्ग नेमून दिलेला असतो. तोंडावरच्या मास्कचा ए-४१-डी, तेरा भागिले अकरा. स्वयंपाकघरातल्या उपकरणांचा ए-४७-जे. हे सगळं काकांना तोंडपाठ. टाळेबंदीत ते काकूंना सांगायचे, "माझा ए-४१-डी धुवायला टाकू नकोस," आणि काकू म्हणायच्या, "तुम्ही जरा ए-४७-जे मध्ये येऊन भांडी घासा."

खरी धुमश्चक्री सुरू झाली ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. एके सकाळी फॉरवर्ड आला : कोरोनाचं पेटंट २०१८ मध्येच घेतलं होतं, हा बघा नंबर! बाकीच्यांनी डोळे विस्फारले. काकांनी नंबर उघडला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या क्लेमपर्यंत वाचून काढला. मग ग्रुपवर लिहिलं, "पेटंट खरं आहे, इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेचं आहे. पण हा कोरोना निराळा. कोंबड्यांना ब्राँकायटिस होतो, त्याचा विषाणू कमजोर करून लस बनवण्याविषयी ते आहे." यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. पण ग्रुपने त्यातले दोनच शब्द वाचले, कोरोना आणि कोंबडी. चिकनमधून कोरोना होतो या अफवेने फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर कोंबडीचे भाव कोसळले होते, ते आत्ता कुठे सावरत होते. त्या रविवारी आमच्या गेटवरून चिकनवाल्याचा डबा तसाच परत गेला. सर्चकाकांनी स्वतः कागद दाखवलाय म्हटल्यावर शंका कोण घेणार?

पुढचा फॉरवर्ड बिल गेट्सचा. मायक्रोसॉफ्टने शरीरात चिप घालायचं पेटंट घेतलंय, नंबर ०६०६०६, म्हणजे सैतानाचा आकडा. काकांनी तोही वाचला. "एक, हे पेटंट नव्हे, अर्ज आहे, डब्ल्यूओने सुरू होणारा कुठलाच क्रमांक पेटंटचा नसतो. दोन, अर्ज क्रिप्टोकरन्सीचा आहे. माणसाच्या शरीराची हालचाल मोजून आभासी पैसे मिळवायचे, असा. लस नाही, टोचणारी चिप नाही. तीन, क्रमांक ओळीने पडतात. याच्या मागचा आणि पुढचाही मी उघडून पाहिला. सैतान आढळला नाही." या तिसऱ्या मुद्द्याला सोसायटीत प्रथमच काकांना अंगठे मिळाले.

मग गोळीचं प्रकरण निघालं. मार्चमध्येच फ्रान्समधल्या मार्सेयहून हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर एक निबंध आला होता आणि एप्रिल उजाडेस्तोवर आमच्या चेअरमननी भाच्याच्या मेडिकलमधून सगळ्या विंगांना पुरेल एवढा साठा करून ठेवला होता. काका निबंध सारांशापासून वाचत नाहीत, तक्त्यांपासून वाचतात. "चेअरमनसाहेब, गोळी दिली २६ जणांना. हिशेबात धरले २०. उरलेल्या सहांचं काय झालं, ते खाली दिलंय. तिघे आयसीयूत गेले, एक वारला, एकाला मळमळ झाली म्हणून गोळी बंद केली आणि एक हॉस्पिटल सोडून निघून गेला." चेअरमन क्षणभर गप्प. मग म्हणाले, "पण बाकीचे वीस जण?" आशावाद इतका भक्कम असल्याशिवाय माणूस सोसायटीचा चेअरमन होत नसावा.

मे महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये मोठा निबंध आला. ६७१ हॉस्पिटलं, ९६,००० हून जास्त रुग्ण, आणि निष्कर्ष असा, की ती गोळी घेणारे अधिक दगावतात. ग्रुपवर काकांचा जयजयकार सुरू झाला. काकांनी एवढंच लिहिलं, "तक्ते बघतोय." ते बघून व्हायच्या आतच, ४ जूनला, निबंध मागे घेतला गेला. ज्या कंपनीने आकडे पुरवले होते, ती मूळ नोंदी तपासायला द्यायला तयार नव्हती. ही बातमी ग्रुपवर टाकली कुणी? चेअरमननी नाही, काकांनीच. "माझ्या बाजूचा निबंध रद्द झाला आहे. तरीही गोळी घेऊ नये. निष्कर्ष तोच, कारण वेगळं." वादात आपल्या बाजूचा साक्षीदार फुटला हे स्वतःहून जाहीर करणारा माणूस आमच्या सोसायटीने त्याआधी पाहिला नव्हता. पार्किंगच्या वादात तर नाहीच नाही.

काका खऱ्या अर्थाने खूश झालेले मी पाहिले ते एका रात्री साडेअकरानंतर. व्हिडिओ कॉल आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मागे काकू हळदीच्या दुधाचा पेला घेऊन उभ्या.

"५४०१४४६ आणि ५४०१५०४," काका म्हणाले. "फरक ५८ चा."

"कशाचा?"

"ऐक. पहिलं पेटंट टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साय आणि त्यांच्या सहकाऱ्याचं. एन-९५ मास्कच्या धाग्यांवर विजेचा भार कसा चढवायचा, ते त्यात आहे. कण नुसते चाळले जात नाहीत, भार त्यांना ओढून धरतो. दुसरं मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरचं. जखमेवर हळद लावण्याचं. दोन्ही मंजूर झाली २८ मार्च १९९५ ला. मंगळवारी! अमेरिका दर मंगळवारी पेटंट देते. एकाच मंगळवारी अमेरिकेने मास्क नोंदवला आणि आपली हळदही नोंदवली!"

हळदीच्या पेटंटचा विषय निघाला की काकांचा आवाज चढतो. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांच्या माणसांनी संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ पुरावे काढले आणि अमेरिकेच्याच पेटंट कार्यालयापुढे ठेवले. १९९७ मध्ये ते पेटंट गेलं. काकांच्या लेखी हा स्वातंत्र्यलढ्याचा राहिलेला भाग आहे. "काय केलं माशेलकरांनी? बंदूक चालवली? नाही. सर्च केला! तीन शब्दांत सांगायचं तर : हे आधीच झालंय!"

"दूध घ्या आता," काकू म्हणाल्या. "त्याला कुणाची परवानगी लागत नाही."

या शोधाचा लगोलग परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी काकांनी सोसायटीत मास्कवर सॅनिटायझर मारायला बंदी केली. अल्कोहोलने किंवा साबणाने धाग्यांवरचा भार उतरतो, मग एन-९५ चं नुसतं महागडं फडकं उरतं. निवृत्त झालेले त्साय साथ आली म्हणून पुन्हा कामाला लागले होते. मास्क आलटून पालटून वापरा, मधले दिवस टांगून ठेवा, असं ते सांगत होते. काकांच्या बाल्कनीत सात मास्क टांगले गेले, प्रत्येकावर स्केचपेनने वार. एकदा बुधवारी ते गुरुवारचा मास्क लावून खाली आले, तर काकूंनी गॅलरीतून हाक मारून परत बोलावलं.

याच सुमाराला भोसरीचे एक शेठ काकांकडे आले. एमआयडीसीत त्यांचं प्रेस शॉप, काम मोटारसायकलच्या सुट्या भागांचं, ऑर्डर शून्य. रिजेक्ट झालेली ब्रेक पेडल ढिगाने पडलेली, त्यांना स्प्रिंग आणि चौकोनी पाइप जोडून त्यांनी पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड बनवला होता. एक स्टँड खांद्यावर टाकूनच आले होते. काकांनी मास्क लावून, दूर उभं राहून तो चार वेळा दाबून पाहिला.

"साहेब, पेटंट करायचंय."

"अर्जाचे १,६००, तपासणीचे ४,०००, वकिलाचे विचारूच नका. आणि मिळणार नाही. पायाने दाबून साबण सोडायची यंत्रं अमेरिकेच्या दप्तरात तुमच्या-माझ्या जन्माआधीपासून आहेत. शिवाय आपल्या कायद्याचं कलम ३ एफ. ओळखीच्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक आपापलंच काम करत राहिली, तर तो शोध धरत नाहीत."

शेठचं तोंड उतरलं. ते स्टँड उचलायला वाकले, तेव्हा काका म्हणाले, "अहो, जाताय कुठे? नीट ऐका. पेटंट जिथे घेतलं त्या देशापुरतं असतं, आणि वीस वर्षांनी संपतं. त्या अमेरिकन लोकांचं केव्हाच संपलंय. म्हणजे तुम्ही कुणाचं एका पैशाचं देणं लागत नाही. लेखी सांगतो. हजार बनवा!" मग तासभर त्या जुन्या ड्रॉइंगमधलं काय घ्यायचं ते काका शेठना दाखवत बसले. स्प्रिंग खाली न लावता वर लावली तर बाटली हलत नाही, हे शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा अमेरिकनाने काढून ठेवलं होतं. मे महिन्यात चाकणच्या कंपन्या निम्म्या माणसांवर सुरू झाल्या, तेव्हा महाळुंगे, निघोजे, खराबवाडी इथल्या कितीतरी गेटांवर शेठचे स्टँड उभे होते. यमदूताचा परवाना घेऊन धंदा करणारे ते पट्ट्यातले पहिलेच.

२०२१ च्या मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना लस सुरू झाली. महापालिकेच्या केंद्रावर काकांच्या मागे रांगेत एक गृहस्थ सगळ्यांना घाबरवत होते. "लशीला दहा-दहा वर्षं लागतात हो. ही वर्षात कशी झाली? आपल्यावर प्रयोग चाललाय." दोन आजी रांग सोडायच्या बेतात होत्या. काका वळले.

"झालंय हे. २०१२."

"काय झालंय?"

"तुम्ही कुठल्या कंपनीत होता?"

"चाकणला. असेंब्लीला."

"मग तुम्हाला लगेच कळेल. ही चासी जुनी आहे, बॉडी तेवढी नवीन. चिंपांझीच्या सर्दीचा विषाणू दुबळा करून त्यावर हवा तो माल चढवायचा, याचा ऑक्सफर्डचा अर्ज २०१२ मध्ये छापून आलाय. त्याच चासीवर मर्सची लस बनवून माणसांना टोचून पाहिलीय, कोरोना यायच्या आधी. जानेवारी २०२० मध्ये चीनने या विषाणूचा आराखडा जाहीर केला आणि त्यांनी बॉडी बदलली. नवं मॉडेल एका वर्षात निघतं ते कशामुळे? चासी तयार असते म्हणून."

गृहस्थांनी मान हलवली. आजी रांगेत परत आल्या. ज्या एका शब्दाने काकांनी आयुष्यभर माणसांच्या उत्साहावर पाणी ओतलं, त्याच शब्दाने लोकांच्या जिवात जीव आला. आपल्या आधी कुणीतरी या वाटेने जाऊन आलंय, हे शोध लावायला निघालेल्या माणसाला ऐकवत नाही. घाबरलेल्या माणसाला मात्र तेवढंच ऐकायचं असतं. काकांना हा फरक समजला होता की नाही, सांगता येत नाही. त्यांचं लक्ष लशीच्या खोक्यावरचा बारीक मजकूर वाचण्याकडे होतं आणि नर्स "काका, बाही वर करा" असं तिसऱ्यांदा सांगत होती.

२०२१ च्या शेवटी अठरा महिने भरले आणि २०२० च्या मध्यात केलेले अर्ज उघडायला लागले. काकांनी जेवणाच्या वेळा बदलून घेतल्या. दर शुक्रवारी आपल्या पेटंट कार्यालयाचं जर्नल निघतं, ते पहिल्या पानापासून वाचायचा त्यांनी सपाटा लावला. आणि एका शुक्रवारी त्यांना तो अर्ज दिसला. दूरच्या कुठल्या शहरातल्या अर्जदाराचा, जून २०२० चा : सॅनिटायझरचा स्टँड, ज्यात मोटारसायकलचं ब्रेक पेडल आहे, आणि सदर पेडलाची स्प्रिंग, जी वरच्या बाजूला आहे.

काकांनी शेठना फोन करून मे २०२० ची बिलं मागवली. चाकणच्या गेटवरचे तारखेसह फोटो मागवले. पेटंट मंजूर व्हायच्या आधी त्याला हरकत कुणालाही घेता येते, त्याची फी तेव्हा शून्य होती. काकांनी अर्ज स्वतः लिहिला, पूर्णविराम मोजून टाकले. पुरावा क्रमांक एकच्या रकान्यात भरलं : २०२०, भोसरी.

"म्हणजे साहेब, आपल्याला पेटंट मिळालं?" शेठनी विचारलं.

"नाही. पण माझ्या मते आता त्यालाही मिळायचं नाही."

शेठनी संध्याकाळी दोन किलो पेढे पाठवले.